संगीत नाटक आणि परिसर भेट बंद करू नका : आमच्या शाळेच्या संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू होताच पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं आपलं परिपत्रक मी वाचलं. त्यात तीन निर्णय आहेत. यंदापासून स्नेहसंमेलनात संगीत नाटक होणार नाही. सगळा कार्यक्रम बाहेरच्या इव्हेंट कंपनीकडे देऊन ध्वनिमुद्रित गाण्यांवर नाच बसवले जातील. संगीताची खोली स्पर्धा परीक्षांच्या जादा तासांसाठी घेतली जाईल आणि तिथली ‘वापरात नसलेली वाद्ये’ भंगारात काढली जातील. तिसरा निर्णय म्हणजे पाचवी ते आठवीच्या मुलांची शनिवारची परिसर भेट सुरक्षिततेच्या कारणास्तव बंद.

पालक सभेत मी हा विषय काढला तेव्हा ‘आता निर्णय झालेला आहे’ एवढंच उत्तर मिळालं. गावातल्या इतर काही शाळांमधूनही असंच ऐकू येतंय. म्हणून जाहीरपणे लिहिते आहे. शाळेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. मला शाळेची नालस्ती करायची नाही, निर्णय बदलून हवा आहे.

माझं यात काय अडलंय ते आधी सांगते. मी याच शाळेत शिकले. सहावीत असताना ‘सौभद्र’ या जुन्या संगीत नाटकातल्या एका प्रवेशात मला नारदाचं काम मिळालं आणि तेव्हा लागलेलं हे वेड आजतागायत सुटलेलं नाही. एरवी मी घरचं औषधांचं दुकान सांभाळते. पण तालमी सुरू झाल्या की संध्याकाळी शाळेत येऊन ऑर्गनवर बसते. माझी मुलगी आता सातवीत आहे आणि यंदा तिला पहिल्यांदाच गाण्याचं काम मिळणार होतं. म्हणजे यात माझा स्वार्थ आहेच. पण तेवढाच असता तर मी तिला घरी शिकवलं असतं आणि गप्प बसले असते.

आपल्या परिपत्रकात संगीत नाटक ‘कालबाह्य’ आणि परिसर भेट ‘अभ्यासाशी थेट संबंध नसलेली’ असं म्हटलंय. आपण या दोन वेगवेगळ्या गोष्टी धरल्या आहेत. माझा पहिला आणि सगळ्यात मोठा आक्षेप इथंच आहे. आपल्या शाळेत ही दोन्ही कामं एकमेकांत गुंतलेली आहेत. शनिवारी मुलं जे बघून-ऐकून येतात त्यातून नाटक उभं राहतं, आणि नाटक बसवायचंय म्हणून ती इतकं निरखून बघतात. आपल्यापैकी किती जणांनी तालीम पाहिली आहे, मला कल्पना नाही. म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर सांगते.

दरवर्षी आपण जुन्या नाटकातला एखादा प्रवेश करतो आणि त्याला जोडून मुलांनी स्वतः रचलेलं छोटं संगीत नाटक असतं. गेल्या खेपेला मुलांनी मंडईचा विषय घेतला होता. संगीताच्या बाई त्यांना शनिवारी सकाळी कपिलतीर्थ मंडईत घेऊन गेल्या. प्रत्येकानं एकेक विक्रेता निवडायचा, अर्धा तास त्याच्या आसपास थांबायचं आणि तो गिऱ्हाईक कसं बोलावतो ते कान देऊन ऐकायचं. शाळेत परतल्यावर मुलं ते आवाज पेटीवर शोधायला बसली. कोथिंबीरवाल्या मावशी ‘घ्या की ओ ताई’ म्हणताना षड्जावरून थेट पंचमावर, म्हणजे ‘सा’वरून ‘प’वर जातात, हे एका मुलीनं शोधून काढलं. लिंबूवाला मात्र सगळं एकाच सुरात म्हणत होता. त्याच्या शेजारच्या गाड्याचा गलका वाढला की तो सूर न बदलता फक्त लय वाढवायचा. एका मुलानं तर वहीत लिहिलं होतं की गर्दी वाढली तसा सगळ्या मंडईचाच सूर चढला. या नोंदींतून नाटकाचं पहिलं पद झालं. ते म्हणताना प्रत्येक पोराला आपण कुणाचा आवाज काढतोय हे पक्कं ठाऊक होतं. प्रेक्षकांत बसलेल्या आयांनी तो आवाज लगेच ओळखला.

मराठी संगीत नाटक मुळात असंच घडलेलं आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला आणि 1882 साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं. त्यांनी चाली कुठून घेतल्या? साक्या, दिंड्या, कामदा या पद्यप्रकारांच्या चाली कीर्तनातून आल्या. काही चाली बायकांच्या गाण्यांतून घेतल्या, काही कानडी गाण्यांतून, कारण अण्णासाहेब मूळचे गुर्लहोसूरचे, कानडी मुलखातले. आजूबाजूला जे कानावर पडत होतं ते त्यांनी पारखून घेतलं आणि देवादिकांच्या तोंडी घातलं. पुढे 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी, तेव्हा मैफलीतलं रागसंगीत थेट नाटकात आलं. ज्यांना मैफलीत प्रवेश नव्हता त्यांच्याही कानावर ते गेलं. संगीत नाटकाला कालबाह्य म्हणण्याआधी एवढा इतिहास आपण विचारात घ्यायला हवा होता.

आणि कोल्हापुरात हे शिकवायचं नाही तर कुठे शिकवायचं? गोविंदराव टेंबे आपल्याच भागातले. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गवई होते, आपल्या गल्ल्यांमध्ये त्यांचे सूर घुमलेले आहेत. केशवराव भोसले 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात जन्मले, गरिबीत वाढले, पोरवयातच नाटक कंपनीत गेले आणि ‘शारदा’ नाटकातल्या शारदेच्या कामानं गाजले. 1 जानेवारी 1908 रोजी हुबळीला त्यांनी ललितकलादर्श ही नाटक कंपनी काढली तेव्हा त्यांचं वय जेमतेम सतरा वर्षांचं होतं. 1921 च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झालेल्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांसमोर ते उभे राहिले आणि त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला गेले. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर या भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पडदा रंगवताना प्रकाश, सावली, अंतर यांच्यावर बसलेली नजरच पुढे सिनेमात कामी आली आणि बाबूरावांनी याच गावात कॅमेरा बनवून चित्रपट काढले. व्ही. शांताराम लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत होते, मग बाबूरावांकडे आले. शाळेच्या भिंतीवर यांतल्या दोघांच्या तसबिरी आहेत. त्यांनी जे केलं ते करायची सोय मात्र आपण काढून घेताय.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्रीबद्दल लिहायला आजही हात थरथरतो. शाहू महाराजांनी 1913 ते 1915 या काळात बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. खासबागेच्या रस्त्यावर माणसं उभी राहून रडत होती. आपल्यापैकी काही जण तिथं होते, मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलांनी दोन मिनिटं शांतता पाळली आणि आपणच भाषणात म्हणालात की हा वारसा पुढच्या पिढीला द्यायचा आहे. महाराजांनी कुस्तीचं मैदान आणि नाट्यगृह एकमेकांना लागून बांधलं. मैदानासाठी या गावात तालमी आहेत, पोरं पहाटे उठून घाम गाळतात. नाट्यगृहात उभं राहायला लागणारी पोरं कुठे तयार होणार, याचं उत्तर मला आपल्याकडून हवंय. शाळेतली ती एक खोली म्हणजे गाणाऱ्या पोरांची तालीमच होती.

दुसरी तक्रार ध्वनिमुद्रित गाण्यांबद्दल आहे. परिपत्रकात लिहिलंय की यामुळे ‘सर्व विद्यार्थ्यांना समान संधी’ मिळेल. आमचा अनुभव नेमका उलट आहे. मुद्रित गाण्याची पट्टी ठरलेली असते, ती मुलासाठी बदलत नाही. सातवी-आठवीत मुलांचे आवाज फुटतात. कालपर्यंत काळी चारच्या उंच पट्टीत मोकळं गाणारा मुलगा अचानक वरच्या सुराला चिरकतो, पोरं हसतात आणि तो कायमचा गप्प होतो. गेल्या वर्षी आमच्या नाटकातल्या एका मुलाचं प्रयोगाच्या तोंडावर हेच झालं. आम्ही त्याचं पद काळी एकच्या खालच्या पट्टीवर उतरवलं, एक तान काढून टाकली, दोन ओळी गाण्याऐवजी बोलायला दिल्या. तबल्यावर बसलेल्या मुलानं त्याच्यासाठी लय थोडी सैल धरली. तो पूर्ण पद म्हणाला आणि त्याच्या आजोबांनी उभं राहून वन्समोअर मागितला. नाचाच्या कार्यक्रमात असा मुलगा चौथ्या रांगेत ओठ हलवत उभा असतो. शिवाय संगीत नाटकात गाणाऱ्यापुरतंच काम नसतं. पडदा ओढणारा, विंगेत उभं राहून आठवण करून देणारा, रंगपटात दागिने मोजून ठेवणारी, नांदीच्या वेळी धूप फिरवणारा, प्रत्येकाला काम असतं आणि एकानं कुचराई केली तर सगळ्यांचं बिघडतं. इव्हेंट कंपनीची माणसं ही सगळी कामं स्वतःच करतात. मुलांच्या वाट्याला फक्त नाच उरतो.

तिसरी तक्रार त्या ‘वापरात नसलेल्या’ वाद्यांची. त्यात ऑर्गनही आहे, हे मला यादी पाहिल्यावर कळलं. तो वापरात आहे. त्याचे दोन-तीन सूर बसलेत, डाव्या पायपट्टीचा पट्टा झिजलाय, पण तो वाजतो. हातपेटीत भात्यातली हवा सुरांमधून बाहेर जाते आणि ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते, म्हणून त्याचा आवाज गोल येतो. भाता पायानं चालतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. हे मी मुलांना सांगितलं नव्हतं. मागची फळी काढून त्यांनी स्वतः शोधलं. एक सूर अजिबात बोलत नव्हता. सहावीतल्या एका मुलीनं टॉर्च धरून आत पाहिलं तर पितळेच्या पातळ जिभेखाली धुळीचा एक कण अडकला होता. कागदाची बारीक पट्टी आत सरकवून तिनं तो अलगद बाहेर काढला, मी पाय मारले आणि सूर बोलला. त्या दिवसापासून ती पोर प्रत्येक वाद्य उघडून बघायला मागते. विज्ञानाच्या तासाला ध्वनीचा धडा आला तेव्हा कंपन म्हणजे काय हे तिनं वर्गाला समजावून सांगितलं. असं वाद्य किलोच्या भावानं जाणार, हे मला सहन होत नाही. दुरुस्ती करणारे कारागीर गावात आहेत, मिरजही जवळच आहे. खर्च आम्ही काही पालक मिळून करायला तयार आहोत, हे मी लेखी देते.

आता परिसर भेट. सुरक्षिततेची आपली काळजी मला मान्य आहे. महाद्वार रोडवरची रहदारी मीही रोज बघते आणि चाळीस मुलं दोन शिक्षकांच्या भरवशावर सोडणं बरोबर नाही. पण त्यावर भेटच बंद करणं हा उपाय होऊ शकत नाही. पालकांना सोबत बोलवा, मुलांच्या लहान तुकड्या करा, सकाळी लवकर निघा. ‘अभ्यासाशी थेट संबंध नाही’ हे कारण मात्र मला मुळीच पटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीच्या काळात मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलंय, ते याच कामासाठी.

अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव आपल्या गावातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग वर चढत चेहऱ्यापर्यंत. पण हे वर्षातून दोनदाच का होतं, असं एका मुलानं विचारलं तेव्हा वर्गात कुणालाच सांगता येईना. मग मुलं कॅलेंडर घेऊन बसली. 21-22 डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे जवळपास तेवढेच दिवस मोजले की या दोन तारखा येतात. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो, त्याच जागी परत येताना मावळतो. हे त्यांनी स्वतः मांडून काढलं. त्याच वर्षी प्रकाशाचं काम करणाऱ्या मुलानं नाटकातल्या शेवटच्या प्रवेशात दिवा खाली ठेवून उजेड पायांकडून चेहऱ्याकडे हळूहळू चढवला. कुणी सुचवलं म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘देवळात बघितलं की!’

टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, या एका प्रश्नावर आठवीची मुलं आठवडाभर वाद घालत होती. पापाच्या तिकटीला, चपलांच्या बाजारात, कोल्हापुरी चप्पल का करकरते हे विचारायला गेलेली मुलं अर्धा तास कारागिराच्या हाताकडे बघत बसली आणि नाटकातल्या पाटलाच्या एंट्रीला पडद्यामागून तीच करकर वाजवली. हे सगळं शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

एवढं मान्य करते की संगीत नाटकाला वेळ लागतो. शिष्यवृत्तीची तयारी, सहामाही, सराव परीक्षा यांत तालमी बसवताना शिक्षकांची ओढाताण होते आणि काही पालकांची नाराजी असते. त्यांच्याशी बोलायला हवं. पण तो संवाद झालाच नाही. परिपत्रक काढण्याआधी संगीताच्या बाईंना विचारलं नाही, चित्रकलेच्या सरांना विचारलं नाही, मुलांना तर नाहीच. इव्हेंट कंपनीचं शुल्क मात्र प्रत्येक पालकाकडून घेतलं जाणार आहे. आपलं सगळं नाटक जुन्या साड्या, उसने दागिने आणि मुलांनी रंगवलेल्या पडद्यावर उभं राहायचं. ज्यांना वर्षाची फीच जड जाते अशा घरांवर हा नवा भार कशासाठी?

माझ्या मागण्या अशा आहेत.

स्नेहसंमेलनात संगीत नाटकाला निदान पाऊण तास राखून ठेवावा. बाकीच्या वेळात नाच खुशाल व्हावेत, त्यांना माझा विरोध नाही. नाटकातली गाणी मुलांनी स्वतः गावीत आणि साथ शक्य तितकी मुलांनीच करावी.

ऑर्गन, दोन पेट्या आणि तबल्याचे जोड भंगाराच्या यादीतून आजच काढावेत. संगीताची खोली जादा तासांसाठी द्यायचीच असेल तर सकाळी द्या. दुपारी साडेतीननंतर ती तालमीला मोकळी असावी.

परिसर भेट महिन्यातून एका शनिवारी पुन्हा सुरू करावी. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस असेल, याची जबाबदारी आम्ही पालक घेतो. पहिल्या भेटीसाठी माझं नाव आत्ताच लिहून घ्या. दुकान मी त्या सकाळी बंद ठेवीन.

नाट्यगृहात पुन्हा प्रयोग होतील तेव्हा आपल्या शाळेच्या मुलांना तिथे पाच मिनिटांची का होईना, नांदी म्हणायची संधी मिळावी यासाठी मंडळानं आतापासून रीतसर अर्ज करावा.

आणि या विषयावर संगीताच्या बाई, चित्रकलेचे सर, पालक आणि सातवी-आठवीचे विद्यार्थी प्रतिनिधी यांना बोलावून एक बैठक घ्यावी. तिचं इतिवृत्त सगळ्या पालकांना मिळावं.

नाटक उभं राहायचं असेल तर संहितेची निवड गणेशोत्सव संपताच करावी लागते आणि गळे तयार व्हायला पुढचे तीन महिने लागतात. त्यामुळे आपलं लेखी उत्तर गणपतीच्या सुट्टीआधी मिळावं, ही विनंती.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी आणि पालक
मंगळवार पेठ, कोल्हापूर